न जुळणारे निरीक्षण

महाराष्ट्रातील कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत साधा लंबक टांगून गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग चालू असताना घटकाभर उभे राहिले, तर पुढे मोठमोठ्या संशोधनसंस्थांच्या चौकशीसमित्यांपुढे ज्या दोषाची शहानिशा होते त्याचे बीज कोठे रुजते हे कोणालाही पाहावयास मिळते. विद्यार्थ्याने दोऱ्याची लांबी मोजलेली असते, वीस आंदोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचवर घेतलेला असतो, आणि त्यातून निघणारे उत्तर पाठ्यपुस्तकातील ९८० च्या जवळपास न येता ९३० येते किंवा १०४० येते. गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी धरावयाची राहिली काय, आंदोलने मोजताना एकोणिसावरच थांबलो काय, लंबक फार मोठ्या कोनातून सोडला काय, असे प्रश्न त्याने स्वतःला विचारावेत हाच वास्तविक त्या प्रयोगाचा हेतू. परंतु तास संपत आलेला असतो, जर्नलावर सही व्हावयाची असते, आणि उत्तर चुकले तर गुण जातील ही धास्ती असते. मग तो ९८० हा आकडा आधी मांडतो, उलट गणिताने आंदोलनांचा वेळ काढतो आणि तो वेळ ‘रीडिंग’ म्हणून तक्त्यात भरतो. रीडिंग बसवण्याची ही विद्या त्याला वरच्या वर्गातील मुलांनी शिकविलेली असते. जर्नल सर्टिफाय होते, आणि शिक्षकही, तीस-चाळीस जर्नले एका दुपारी तपासावयाची असल्यामुळे, त्याच्याकडे कानाडोळा करतात.

हाच विद्यार्थी सात-आठ वर्षांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवितो, आणि तेव्हा त्याला प्रथमच, रीतसर अभ्यासक्रमाच्या रूपाने, संशोधनातील सचोटी शिकविली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या अखेरीस पीएच.डी.च्या प्रत्येक उमेदवारास ‘संशोधन आणि प्रकाशन नीती’ हा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय स्वागतार्हच होता, आणि त्याच्या सहा घटकांत तत्त्वज्ञानापासून प्रकाशनातील गैरव्यवहारांपर्यंत बहुतेक सर्व आवश्यक विषय येतात हेही मान्य केले पाहिजे. तथापि सचोटी ही व्याख्यानाने देण्याजोगी माहिती नसून न जुळणाऱ्या निरीक्षणापुढे बसल्यावर हाताला लागलेली सवय आहे, आणि जी सवय सोळाव्या वर्षी उलटी लागली ती चोविसाव्या वर्षी तीस तासांत सुलटी होणे दुरापास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून शास्त्रज्ञ होऊ पाहणाऱ्या तरुणाला नीती शिकवावयाची ती नियमांच्या पाठांतराने नव्हे, तर खऱ्या माणसांच्या खऱ्या नोंदवह्यांतून, आणि त्याच्या स्वतःच्या नोंदवहीतून शिकविली पाहिजे.

एका माणसाच्या असत्याने किती जणांचे श्रम वाया जातात याची कल्पना विद्यार्थ्याला आधी असावी. चंडीगढच्या पंजाब विद्यापीठातील पुराजीवशास्त्रज्ञ विश्वजित गुप्ता यांनी सुमारे पंचवीस वर्षे हिमालयातील जीवाश्मांवर शेकडो निबंध प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन टॅलंट यांनी १९८९ साली ‘नेचर’मध्ये लिहून दाखवून दिले की त्यांतील कित्येक जीवाश्म हिमालयातले नसून मोरोक्कोत आणि न्यूयॉर्क राज्यात सापडणाऱ्या नमुन्यांशी तंतोतंत जुळणारे आहेत, आणि काही वेळा तर एकाच नमुन्याचे छायाचित्र एकमेकांपासून अतिशय दूर असलेल्या दोन स्थळांच्या नावाने छापले गेले आहे. या निबंधांवर सहलेखक म्हणून देशोदेशींच्या नामांकित तज्ज्ञांची नावे होती. त्यांना नमुने टपालाने किंवा हातोहात मिळाले, त्यांनी त्यांची शास्त्रीय ओळख पटवून दिली, आणि ते कोणत्या डोंगरातून आले याविषयी सहकाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. हिमालयाच्या थरांचे वय त्या जीवाश्मांवरून ठरविले जात होते; त्यामुळे प्रकरण उघडकीस आल्यावर त्या प्रदेशाच्या भूविज्ञानातील कोणती नोंद खरी धरावी आणि कोणती टाकावी, हे निवडण्याचे नीरस आणि कष्टाचे काम पुढच्या अभ्यासकांच्या माथी आले. ज्या निबंधावर आपले नाव आहे त्यातील जो भाग आपण स्वतः पाहिलेला नाही त्याचीही जबाबदारी काही अंशी आपल्यावर येते, हा धडा या प्रकरणाइतका ठसठशीतपणे दुसऱ्या कोणत्याही नियमावलीत सापडत नाही.

परंतु अशी राजरोस बनवेगिरी विरळा. तरुण संशोधकाच्या वाट्याला येणारा मोह पुष्कळ सौम्य रूपात येतो, आणि तो ओळखण्याची दृष्टी देणारा लेखक जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. गणकयंत्राचा आद्य कल्पक चार्ल्स बॅबेज याने १८३० साली इंग्लंडातील विज्ञानाच्या अवनतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात निरीक्षकांच्या लबाड्यांचे त्याने प्रकार पाडले आहेत. न घेतलेली निरीक्षणे घेतली म्हणून सांगणे हा एक उघड प्रकार. परंतु त्याने अधिक मार्मिकपणे वर्णिलेले दोन प्रकार निराळेच आहेत. सरासरीच्या फार वर गेलेल्या आकड्यांचे थोडे थोडे छाटून ते फार खाली गेलेल्यांना जोडावयाचे, म्हणजे सरासरी तीच राहते पण निरीक्षक मात्र विलक्षण अचूक भासतो, हा पहिला. आणि पुष्कळ निरीक्षणे घेऊन त्यांतली आपल्या मताशी जुळतील तेवढीच वेचून पुढे ठेवावयाची, हा दुसरा. आमच्या लंबकाच्या जर्नलात हे दोन्ही प्रकार नित्य घडतात, आणि ते करणाऱ्या मुलाला आपण काही गैर केले असे वाटतही नाही.

या दुसऱ्या प्रकाराविषयी विचार करावयास लावणारे सर्वांत उत्तम उदाहरण म्हणजे रॉबर्ट मिलिकन यांच्या तेलबिंदूंच्या प्रयोगाचे होय. हा प्रयोग आपल्याकडील भौतिकशास्त्राच्या पदवीधरांना परिचयाचा आहे: दोन धातूच्या तबकड्यांमध्ये तेलाचा सूक्ष्म तुषार सोडावयाचा, दुर्बिणीतून एकच बिंदू ताऱ्यासारखा चमकताना पाहावयाचा, विद्युत्क्षेत्र लावून तो वर चढवावयाचा, ते काढून घेऊन खाली पडू द्यावयाचा, आणि त्याच्या चढण्या-पडण्याच्या वेळांवरून त्याच्यावरील विद्युत्भार काढावयाचा. हा भार नेहमी एका ठराविक परिमाणाच्या पटीतच येतो असे दाखवून मिलिकन यांनी इलेक्ट्रॉनचा भार निश्चित केला, आणि १९२३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १९१३ च्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी ५८ बिंदूंचे आकडे दिले आणि निक्षून सांगितले की हे निवडून काढलेले बिंदू नसून साठ दिवसांच्या अवधीत ज्यांवर प्रयोग केला ते सर्व बिंदू आहेत. पुढे विज्ञानेतिहासकार जेराल्ड हॉल्टन यांनी त्यांच्या मूळ नोंदवह्या तपासल्या आणि १९७८ साली त्यांतील मजकूर जगापुढे ठेवला, तेव्हा आढळले की नोंदलेले बिंदू याहून कितीतरी अधिक होते. प्राथमिक चाचण्या धरून ॲलन फ्रँकलिन यांनी पुढे ती संख्या सुमारे १७५ मोजली. वहीच्या पानांच्या कडेला मिलिकन यांनी आकड्यांबरोबरच आपली पसंती-नापसंतीही टिपून ठेवली आहे: कोठे हा बिंदू सुंदर आला, छापावा, असा आनंद, तर कोठे काहीतरी बिघडले असल्याची तक्रार.

आता या माणसाला लबाड म्हणावयाचे की निष्णात प्रयोगकर्ता? फ्रँकलिन यांनी वगळलेले बिंदू घेऊन पुन्हा गणित केले, तेव्हा इलेक्ट्रॉनच्या भाराच्या किमतीत नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. फक्त अनिश्चितता थोडी वाढली. कित्येक बिंदू वगळण्यास सबळ कारणेही होती: हवेतील प्रवाह, विद्युत्दाबातील चढउतार, अर्ध्यातच निसटलेला बिंदू. उपकरण हाताळून हाताळून ज्याची नजर तयार झाली आहे त्याला कोणते निरीक्षण बिघडलेले आहे हे कळते, आणि ही जाण नसलेला माणूस प्रयोगशाळेत काडीचाही उपयोगी नाही. कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जिचे नेतृत्व मिलिकन यांनी पुढे सुमारे दोन तपे केले तेथेच, विज्ञानातील आचारावर वर्ग घेणारे डेव्हिड गुडस्टाइन यांनी मिलिकन यांची बाजू हिरिरीने मांडली आहे. मला स्वतःला असे वाटते की बिंदू वगळण्यात मिलिकन यांचा दोष नाही. दोष आहे तो ‘सर्व बिंदू’ या विधानात. इतके बिंदू घेतले, इतके अमुक कारणांनी सोडले, असे एका वाक्यात त्यांनी नमूद केले असते तर त्यांच्या कीर्तीला तीळमात्र बाध आला नसता. विद्यार्थ्यांच्या वर्गात हा प्रश्न टाकला असता निम्मे एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला जातात, आणि तासभर वाद केल्यावर त्यांना जे समजते ते असे की निरीक्षण वगळण्याचा निकष उत्तर पाहण्याच्या आधी ठरलेला असावा आणि तो लेखी असावा. हे त्यांना शिक्षकाने सांगितलेले नसते. त्यांचे त्यांनी शोधलेले असते, म्हणून ते टिकते.

याच प्रयोगाच्या कहाणीत आणखी एक प्रकरण दडले होते, आणि पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाने ते जाणून घ्यावे असे मला वाटते. आरंभी हे प्रयोग पाण्याच्या थेंबांवर चालत. पाणी पाहता पाहता उडून जाई. शिकागोत मिलिकन यांच्या हाताखाली काम करणारा हार्वे फ्लेचर हा विद्यार्थी घड्याळाचे तेल आणि अत्तराचा फवारा घेऊन आला आणि त्याने उपकरण चालते करून दाखविले, असे त्याच्या आत्मकथनात आहे. पुढे निबंध प्रसिद्ध करण्याची वेळ आली तेव्हा मिलिकन फ्लेचरच्या घरी आले. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे पदवीसाठी दाखल करावयाच्या निबंधावर विद्यार्थ्याचे एकट्याचे नाव लागे. तेव्हा ब्राउनी गतीवरील निबंध फ्लेचरच्या एकट्याच्या नावावर आणि इलेक्ट्रॉनच्या भारावरील निबंध मिलिकन यांच्या एकट्याच्या नावावर निघावा, अशी तजवीज त्यांनी सुचविली. पहिल्या महत्त्वाच्या निबंधावर आपलेही नाव असावे ही फ्लेचरची इच्छा होती. परंतु मार्गदर्शकापुढे विद्यार्थी कितीसा बोलणार? त्याने ती गोष्ट मान्य केली, पुढे ध्वनिशास्त्रात स्वतःचे मोठे नाव कमावले, मिलिकन यांच्याविषयी आदर कायम ठेवला, आणि हा वृत्तांत आपल्या हयातीत छापू दिला नाही. तो १९८२ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. आपल्याकडे मार्गदर्शकाचे, विभागप्रमुखाचे, कधी कधी उपकरण वापरू दिले म्हणून तिऱ्हाइताचेही नाव निबंधावर चढते, आणि ज्याने रात्री जागून काम केले त्याचे नाव मागे पडते किंवा गळते, तेव्हा तो विद्यार्थी सरांना कसे विचारावे या संकोचात असतो. कोणाचे नाव, कोणत्या क्रमाने आणि कशाबद्दल, याची बोलणी काम सुरू होतानाच व्हावीत, असा दंडक मार्गदर्शकांनी आपणहून घालून घेतला, तर शिष्याला हा संकोच पडणारच नाही.

इलेक्ट्रॉनच्या भाराची मिलिकन यांनी काढलेली किंमत आज मान्य असलेल्या किमतीपेक्षा किंचित कमी होती, कारण हवेच्या श्यानतेची त्यांनी घेतलेली किंमत बरोबर नव्हती. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेच्या पदवीदान समारंभात या गोष्टीकडे लक्ष वेधले: मिलिकन यांच्यानंतरच्या प्रयोगकर्त्यांचे आकडे एकदम खऱ्या किमतीवर न जाता हळूहळू वर सरकत गेले, कारण ज्याचे उत्तर मिलिकन यांच्यापेक्षा फार मोठे येई तो आपली चूक कसून शोधी, आणि ज्याचे जवळ येई तो तितकी चौकशी करीत नसे. यांतील एकही जण असत्य बोलत नव्हता. स्वतःची फसगत स्वतःकडूनच होते, आणि तिच्यापासून बचाव करण्यासाठी चांगुलपणाबरोबर पद्धतही लागते.

ही पद्धत किती कडक असू शकते हे गुरुत्वीय लहरींचा शोध घेणाऱ्या लायगो प्रकल्पाने दाखवून दिले आहे. तेथील अगदी थोड्या अधिकृत व्यक्तींना, बाकी कोणालाही न कळवता, यंत्रात कृत्रिम संकेत घालण्याची मुभा होती. सप्टेंबर २०१० मध्ये असा एक ठळक संकेत आला. शेकडो शास्त्रज्ञांनी कित्येक महिने त्याचे विश्लेषण केले, निबंधाचा मसुदा पूर्ण केला, आणि २०११ च्या मार्चमध्ये सर्वांसमक्ष गुपिताचा लखोटा उघडला, तेव्हा तो संकेत मुद्दाम घातलेला होता असे निष्पन्न झाले. सप्टेंबर २०१५ मध्ये खरी लहर सापडली तेव्हा अनेकांच्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की हाही कृत्रिम संकेत तर नव्हे? या प्रकल्पाची भारतीय वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हावयाची असून केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली आहे, आणि पुण्याची आयुका ही खगोलविज्ञान संस्था तिच्या भागीदार संस्थांपैकी एक आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांची मुले तेथे कामास लागतील तेव्हा त्यांच्याकडून ज्या शिस्तीची अपेक्षा राहील, ती आणि आजच्या जर्नलाची रीत यांत महदंतर आहे, आणि ते आतापासूनच कमी करावयास हवे.

ते करणे अशक्य नाही. बांधीव वही, छापील पृष्ठांक, शाईने लेखन, चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ म्हणजे खालचा आकडा वाचता येईल, प्रत्येक पानावर तारीख, आणि मशीनमधून निघालेली मूळ फाइल कोणताही हात न लावता निराळी जतन केलेली: एवढी शिस्त अकरावीपासून लावता येते. प्रत्येक टेबलावर किंचित निराळा रोध किंवा निराळ्या नाभीय अंतराचे भिंग ठेवले तर शेजाऱ्याच्या वहीचा उपयोग उरत नाही. आणि गुण द्यावयाचे ते पुस्तकी उत्तराच्या जवळिकीला न देता, आलेल्या उत्तराची अनिश्चितता किती आणि ती कशामुळे, याच्या विवेचनाला द्यावेत. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतही बहिःस्थ परीक्षकाने जाडजूड प्रबंध चाळण्याबरोबर एखादी मूळ नोंदवही मागून तिचे एक पान उमेदवाराकडून समजावून घ्यावे.

आमच्या कायदेकानूंचा भर मात्र मोजता येण्याजोग्या गोष्टींवर अधिक आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील मजकुराचे इतर लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. त्यापुढे चाळीसपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित मसुदा, साठपर्यंत वर्षभर मज्जाव, आणि साठच्या वर नोंदणी रद्द. वाङ्मयचौर्याला पायबंद घालण्यासाठी काही मोजमाप हवे हे खरेच. पण त्याचा परिणाम असा होतो की विद्यार्थी दुसऱ्याच्या विचाराचे ऋण मान्य करण्याऐवजी त्याचे शब्द फिरवून टक्का खाली आणण्यात वेळ घालवितो, आणि कपोलकल्पित आकड्यांचा तक्ता तर कोणत्याच संगणकीय चाळणीत अडकत नाही. प्रकाशनांच्या सक्तीचेही असेच झाले. प्रबंध दाखल करण्यापूर्वी एक निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे या अटीमुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली आयोगाच्या तत्कालीन यादीतील, विद्यापीठांनी सुचविलेल्या नियतकालिकांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असल्याचे दिसले. २०२२ च्या विनियमांनी ती सक्ती काढून टाकली, हे उचित झाले.

राहता राहिला सर्वांत अवघड प्रश्न: आपल्या वरिष्ठाचेच काही चुकत आहे असे दिसले तर विद्यार्थ्याने काय करावे? हॉलंडमधील तिलबर्ग विद्यापीठाचे समाजमानसशास्त्रज्ञ डिडेरिक स्टापेल आपल्या विद्यार्थ्यांना प्रयोगांचे आकडे तयार स्वरूपात आणून देत. शाळांमधून आपल्या ओळखीच्या साहाय्यकांमार्फत ते गोळा केले, असे सांगत. विद्यार्थी त्यांवर प्रबंध लिहीत. २०११ साली तीन तरुण संशोधकांनी, कित्येक महिने गुप्तपणे पुरावा जमवून, ही गोष्ट विभागप्रमुखांच्या कानावर घातली आणि स्टापेल यांनी कबुली दिली. २०१२ च्या अखेरीस चौकशीचा अंतिम अहवाल आला, त्यात ५५ निबंधांत बनावट आढळल्याचे नमूद होते. दहा प्रबंधही अशाच आकड्यांवर उभे होते, आणि ते लिहिणाऱ्यांचा त्यात काही कसूर नव्हता. त्या तिघांना बोलण्याचे धैर्य झाले, परंतु ज्याच्या सहीवाचून शिष्यवृत्ती थांबते त्याच्याविरुद्ध बोलण्याचे धैर्य प्रत्येक विद्यार्थ्याकडे असावे अशी अपेक्षा करून संस्थेला आपले कर्तव्य झटकता येणार नाही.

आमच्याकडे विभागीय आणि संस्थास्तरीय अशी तक्रारी तपासणारी दोन मंडळे २०१८ च्या विनियमांनी नेमावयास सांगितली आहेत. विभागीय मंडळाचे अध्यक्षपद विभागप्रमुखाकडे असते, आणि तोच पुष्कळदा तक्रारदाराचा मार्गदर्शक किंवा मार्गदर्शकाचा निकटचा सहकारी असतो. तेव्हा तीस तासांच्या त्या अभ्यासक्रमात पहिल्याच दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला, विभागाबाहेरील ज्या व्यक्तीकडे निःशंकपणे जाता येईल तिचे नाव आणि बसण्याची जागा सांगितली जावी. तक्रारीची लेखी पोच मिळावी. आणि चौकशी चालू असेपर्यंत त्याची शिष्यवृत्ती न थांबविता त्याला दुसरा मार्गदर्शक देण्याची हमी विद्यापीठाने लेखी स्वरूपात द्यावी.